डेबियन टेस्टिंगच्या मागं धावून दमलो, रोजचा दोन जीबी त्यातच चालला

वावरातला_पेंग्विन (दारव्हा तालुका, यवतमाळ)

राम राम मंडळी. दीड वर्षापासून इथं नुसतं वाचून राहिलो, पोस्ट पहिल्यांदाच टाकतो. लांब होईल, सांभाळून घ्या.

गावात माझं झेरॉक्सचं अन् ऑनलाइन फॉर्मचं छोटं दुकान हाय. सातबारा, पीक विमा, पोरायची स्कॉलरशिप, हेच सगळं. एक जुना विंडोजवाला डब्बा अंगठ्याच्या मशीनसाठी ठेवला अन् बाकीचं सगळं काम लॅपटॉपवर, त्यावर डेबियन लिनक्स. मागच्या साली एक मित्र नागपूरहून आला होता त्यानं टाकून देल्लं. तो म्हणे स्टेबल (पक्कं झालेलं व्हर्जन) म्हातारं झालं, टेस्टिंग (अजून तयार होऊन राहिलेलं) टाकू, नवं नवं भेटत राहील. मले तेव्हा दोन्हीतला फरक काय ते मालूम नव्हता, म्हटलं टाक बाप्पा.

उन्हाळाभर एकदम झकास चाललं. मे-जूनमध्ये तं कधी हप्ता हप्ता काही यायचंच नाही, आलं तं पन्नासेक एमबी. मले वाटलं हेच टेस्टिंग असन तं लोकं कायले भेतात. अन् मंग पोळ्याच्या आसपास जे सुरू झालं ना, आज ३०० पॅकेज, परवा ४५०, एका दिवशी तं १.४ जीबी मागून राहिलं होतं. माझ्याकडे रोजचा दोन जीबीचा पॅक, दुकानाचं नेट त्याच्यावरच. सकाळी अपडेट मारला का दुपारून फॉर्मची पीडीएफ चढत नाही.

गेल्या सोमवारी तं हद्द झाली. एका फॉर्मची शेवटची तारीख, बाकड्यावर सात-आठ जण बसून, मी सवयीनं फुल-अपग्रेड (सगळं नवं चढवायची कमांड) मारला, वाय म्हणजे हो दाबलं अन् समोरच्या टपरीवर चहा घ्याले गेलो. तेवढ्यात लाईन गेली. लॅपटॉपची बॅटरी नुसती नावाले हाय, सात मिनिटं. लाईन आल्यावर चालू तं झाला पण अर्धे पॅकेज लागलेले अर्धे नाही, अन् वायफायचं डोंगल मेलेलं (बाजारातलं स्वस्तातलं हाय, त्याचा ड्रायव्हर मित्रानं कुठून तरी बाहेरून आणून टाकला होता). बाकड्यावरचा एक म्हातारा म्हणते, "काहून बे, तुह्या कंप्युटरलेबी बोंडअळी लागली काय?" सगळे हसले. मोबाईल यूएसबीनं जोडून कसेबसे फॉर्म भरले, तरी दोघं बिचारे दारव्ह्याले गेले भरायले.

आता सवाल असा का तुम्ही लोकं हे डेव्हलपमेंट व्हर्जन वापरता कसं? रोज मारता का अपडेट, का महिन्यातून एकदा, अन् उन्हाळ्यात इतकं शांत होतं ते अचानक असं पिसाळलं काहून, माझंच काही चुकलं का? स्टेबलवर परत जाता येते का का सगळं पुसून नव्यानं टाका लागते? कमांडा सांगसान तं देवनागरीत लिहा नाही तं कशात लिहा, मी समजून घेईन.


संत्रा_सर्व्हर (मोर्शी)

दादा, बाकी सगळं नंतर. आधी सोर्सेस डॉट लिस्ट (पॅकेज कुठून आणायचे ते लिहिलेली फाइल) उघडा आणि सांगा, तिथे 'ट्रिक्सी' लिहून आहे का 'टेस्टिंग'?


वावरातला_पेंग्विन

'टेस्टिंग' लिहून हाय. तिन्ही ओळीत. काहून, गडबड हाय का?


संत्रा_सर्व्हर (मोर्शी)

तिथंच गंमत झाली. 'टेस्टिंग' म्हणजे सरपंच समजा, पद तेच राहते, माणूस बदलते. तुमच्या मित्रानं टाकलं तेव्हा त्या खुर्चीवर ट्रिक्सी बसून होती. ९ ऑगस्ट २०२५ ला ट्रिक्सी म्हणजे डेबियन १३ स्टेबल झाली, आणि त्या दिवसापासून टेस्टिंगच्या खुर्चीवर फोर्की बसली, म्हणजे पुढची १४. मित्रानं 'टेस्टिंग'ऐवजी 'ट्रिक्सी' लिहिलं असतं तर तुमचा लॅपटॉप ९ ऑगस्टला जागच्या जागी स्टेबल झाला असता, तुम्हाला कळलंही नसतं. 'टेस्टिंग' लिहून होतं म्हणून तो गुपचूप पुढच्या गाडीत चढला.

उन्हाळ्यात शांत होतं त्याचंही कारण तेच. रिलीजच्या आधी फ्रीझ असते. या वेळी १५ मार्चला सुरू झाला, मग १५ एप्रिल, १५ मे असं टप्प्याटप्प्यानं आवळत नेलं आणि २७ जुलैला पुरतं बंद. त्या काळात फक्त बग म्हणजे चुका काढणारे बदल आत येतात. तिकडे डेव्हलपर लोकांनी नवीन व्हर्जन तयार करून ठेवलेले असतात, ते सगळे वर थांबून राहतात. रिलीज झाली की आमच्या अप्पर वर्धाचे दरवाजे उघडल्यासारखं, सगळं पाणी एकदम खाली. तुम्ही नेमके पुलाखाली उभे होते. म्हणजे तुम्ही जे उन्हाळ्यात पाहिलं ते टेस्टिंग नव्हतंच, ती जवळजवळ स्टेबलच होती. खरी टेस्टिंग ही आहे, जी आता तुमचा पॅक खाऊन राहिली.

अर्धवट लागलेल्या पॅकेजांसाठी डीपीकेजी --कॉन्फिगर -ए चालवा, मग एप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल. बहुतेक वेळा तेवढ्यात भागते. पण आता स्टेबलवर परत जायचं म्हणाल तर डाउनग्रेडला डेबियनचा अधिकृत रस्ता नाही. पिनिंग करून (कोणत्या व्हर्जनला पहिला मान ते सांगून) प्रायॉरिटी १००० च्या वर नेली की एप्ट खालची व्हर्जन लावते खरं, पण तीन महिन्यांचे अपडेट झालेत, लायब्ररी बदलल्या, डेटाबेसच्या फाइली नव्या रूपात गेल्या, ते काही सरळ मागं येत नाही. दोनच रस्ते. होम फोल्डर (तुमच्या स्वतःच्या फाइली) काढून घ्या आणि ट्रिक्सी नव्यानं टाका. नाहीतर 'टेस्टिंग' खोडून 'फोर्की' लिहा आणि ती स्टेबल होईपर्यंत धक्के खा. २०२१, २०२३, २०२५ असा क्रम चालू आहे, म्हणजे २०२७ च्या आसपास.


कॉटन_मार्केट (हिंगणघाट)

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ज्या मशीनवर पोट आहे त्या मशीनवर टेस्टिंग टाकणं हाच मूर्खपणा आहे, अन् तो तुमचा नाही, तुमच्या मित्राचा आहे. तो नागपूरला फायबरवर बसून आहे, त्याचं अपडेट फसलं तर तो रात्री गेम खेळणार नाही, तुमचं फसलं तर बाकड्यावर आठ जण बसून राहतात.

माझ्याकडे काट्याच्या हिशोबाचं मशीन आहे, कापसाच्या सीझनमध्ये एक दिवस बंद पडलं तर गाड्या रांगेत लागतात. त्यावर स्टेबल, अन् नवी स्टेबल निघाल्यावरही मी सीझन संपेपर्यंत हात लावत नाही. बुकवर्म म्हणजे डेबियन १२ जून २०२३ मध्ये आली, मी पुढच्या उन्हाळ्यात टाकली. कोणी म्हणते लिब्रेऑफिस जुनं आहे, असू दे ना बे, बेरीज तीच येते.

अन् एक गोष्ट कोणी सांगत नाही. सिक्युरिटी अपडेट स्टेबलले पहिले येतात, त्यासाठी वेगळी टीम बसून आहे. टेस्टिंगले ते सिडमधून फिरून येतात, मध्ये एखांद्या लायब्ररीचा गुंता असला तर अडकून पडतात. तुमच्या लॅपटॉपवर गावच्या लोकांचे आधार अन् बँक पासबुकाचे स्कॅन पडून असतील. विचार करा.


सिडच्या_नादी (मूल, चंद्रपूर)

कॉटन भाऊ नेहमीसारखे तापले जी. बोलले ते खरं आहे पण अर्धच.

मी २०१९ पासून सिड चालवून राहिलो, टेस्टिंगही नाही, थेट सिड. ज्याला मालूम नाही त्याच्यासाठी, नवीन पॅकेज पहिले सिडमध्ये म्हणजे अनस्टेबलमध्ये पडते. तिथे अर्जन्सीप्रमाणे दोन, पाच नाहीतर दहा दिवस मुरते, तोवर कोणी मोठा बग नाही टाकला, बाकीच्या पॅकेजांशी भांडण नाही निघालं, तर ब्रिटनी नावाचा प्रोग्राम त्याला टेस्टिंगमध्ये उतरवते. सिड हे नाव बदलत नाही, एका कार्टून पिक्चरमध्ये शेजारचं पोर असते, सगळी खेळणी मोडणारं, त्याचं नाव आहे ते. नावातच इशारा दिलेला आहे, पुढे तुमची मर्जी.

आता रोज अपडेट मारायची गोष्ट. रोज अपडेट मारणं ही निव्वळ खाज आहे, मलेही होती, दोन वर्षं खाजवली. डेव्हलपमेंट व्हर्जन म्हणजे वाचायचं काम आहे दादा, वाय दाबायचं नाही. तुमची चूक टेस्टिंग वापरणं ही नाही, वाय दाबून चहाले जाणं ही आहे. मी हप्त्यातून एकदा करतो, बाजाराच्या दिवशी संध्याकाळी, कारण त्या दिवशी गिऱ्हाईक तसंही संपलेलं असते. पहिले एप्ट अपडेट, मग साधा एप्ट अपग्रेड. साधा अपग्रेड काहीही काढत नाही, जे सरळ चढते तेवढंच चढवते. त्यानंतर फुल-अपग्रेड लावतो पण लगेच वाय नाही, यादी वाचतो. एप्ट ३.० पासून काढायची पॅकेजं लाल रंगात दाखवते, तेवढं तरी सोपं झालं. लाल यादीत एखांदी जुनी लायब्ररी असली अन् तिचीच नवी बहीण हिरव्या यादीत असली तर हो. लाल यादीत तुमचा डेस्कटॉप, कप्स (प्रिंटिंगवालं), नेटवर्क-मॅनेजर असं काही दिसलं का सरळ एन, म्हणजे नाही. कटकट करायची नाही, फोरमवर रडायचं नाही, चार दिवस थांबायचं. चार दिवसांनी ती यादी बहुतेक आपोआप शहाणी होते.

हे मी शिकलो २०२४ च्या मार्चमध्ये. टी६४ वाला गोंधळ आठवते का कोणाला? ३२ बिटांत मोजलेली वेळ १९ जानेवारी २०३८ ला भरून जाते, म्हणून ६४ बिटांत न्यायचं ठरलं, अन् त्यासाठी शेकडो लायब्ररींची नावं बदलली, लिबएसएसएल३ चं लिबएसएसएल३टी६४ झालं, असं. आपल्या ६४ बिटवाल्या मशीनले त्याची गरजही नव्हती, तिथे वेळ आधीच मोठी होती, पण नावं सगळीकडची बदलली. झालं काय का नवी नावं अर्धी आली अर्धी नाही, अन् फुल-अपग्रेड म्हणे मी हे ६०० पॅकेज काढतो, लिब्रेऑफिस काढतो, फायरफॉक्स काढतो, अख्खा केडीई डेस्कटॉप काढतो, वाय का एन? मी रात्री साडेअकराले झोपेत वाय दाबलं. सकाळी काळा स्क्रीन अन् लॉगिन लिहून. आमची आई म्हणे टीव्ही बिघडला का. त्या दिवसापासून लाल यादी बोट ठेवून वाचतो, तलाठ्याकडे फेरफार वाचतात तसं.

दुसरं, एप्ट-लिस्टबग्स टाकून घ्या. कोणतंही पॅकेज लागायच्या आधी ते डेबियनच्या बग ट्रॅकरले विचारते अन् सांगते का याच्यावर कोणी 'ग्रेव्ह' बग टाकून ठेवला आहे, लावू का थांबू. वाचवलं आहे त्यानं मले, ग्रबच्या (मशीन चालू करणारा प्रोग्राम) वेळी एकदा तर नक्कीच.

तिसरं तुमच्यासारख्यांसाठी खास. पॅक रात्री बाराले नवा होते ना? मग दिवसभराचा उरलेला डाटा साडेदहा-अकराले वापरा. फुल-अपग्रेडले --डाउनलोड-ओन्ली लावा, फक्त उतरवून ठेवते, लावत काहीच नाही. मधेच तुटलं तर पार्शल फोल्डरमध्ये अर्धी फाइल असते, उद्या तिथून पुढे. दोन-तीन रात्रीत सगळं उतरलं का ज्या वेळी लाईन पक्की आहे तेव्हा लावा, तेव्हा नेट लागतच नाही. अन् सात मिनिटांच्या बॅटरीवर कर्नल (सिस्टमचा गाभा) लावू नका जी, इनिटरॅमएफएस (चालू होताना लागणारी फाइल) बनत असताना लाईन गेली तर ते कर्नल चालूच होत नाही. झालंच तर ग्रबमध्ये ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जाऊन जुनं कर्नल निवडा, म्हणून जुनं एक तरी नेहमी ठेवायचं.


कॉटन_मार्केट (हिंगणघाट)

म्हणजे हप्त्यातून एक संध्याकाळ, तीन रात्री डाउनलोड, लाल यादी बोटानं, बग ट्रॅकर वेगळा. अन् भेटलं काय? कॅल्क्युलेटरचा नवा आयकॉन.


सिडच्या_नादी (मूल, चंद्रपूर)

भेटलं काय ते सांगतो. २९ मार्च २०२४. एक्सझेड.

हा तोच महिना जेव्हा मी टी६४ मध्ये डेस्कटॉप गमावून बसलो होतो. आंद्रेस फ्रॉइंड नावाचा पोस्टग्रेस डेटाबेसचा डेव्हलपर, तो सिडवर काहीतरी मोजमाप करून राहिला होता, त्याला दिसलं का एसएसएच (दुरून मशीनमध्ये शिरायचा रस्ता) लॉगिनले अर्धा सेकंद जास्त लागून राहिला. अर्धा सेकंद! आपण म्हटलं असतं नेट स्लो आहे. तो खोदत गेला तर एक्सझेडच्या (फाइली दाबून लहान करणारं पॅकेज) ५.६.० अन् ५.६.१ मध्ये कोणीतरी दोन वर्षं भरवसा कमावून मागचं दार बसवून ठेवलेलं निघालं. ते तेव्हा डेबियनच्या टेस्टिंगमध्ये अन् सिडमध्ये पोचलं होतं, स्टेबलमध्ये नाही. तो माणूस स्टेबलवर असता तर त्याला ते दिसलंच नसतं, अन् सव्वा वर्षानं ते ट्रिक्सीत बसून तुमच्या काट्याच्या मशीनवर आलं असतं कॉटन भाऊ, तुम्ही सीझन संपल्यावर आरामात टाकलं असतं.

माझ्या मशीनवरही ५.६.१ लागून होतं. एसएसएच सर्व्हर चालू नव्हता म्हणून निभावलं, तरी रात्रभर झोप नाही. दुरुस्ती आली तिचं व्हर्जन पाहून मी दोनदा डोळे चोळले, '५.६.१+रिअली५.४.५-१'. म्हणजे नंबर पुढचा दाखवायचा कारण एप्ट मागं जात नाही, आत माल जुनाच. 'रिअली' असं लिहिलेलं व्हर्जन तोवर मी पाहिलंच नव्हतं.


कॉटन_मार्केट (हिंगणघाट)

मान्य. पण त्या बाबाचं झेरॉक्सचं दुकान नव्हतं त्या मशीनवर. अन् टेस्टिंगवर बसलेले बाकीचे हजारो लोकं होते त्यांनी काय शोधलं? त्यांनी फक्त वाय दाबलं. तुम्हीबी.


सिडच्या_नादी (मूल, चंद्रपूर)

हे मात्र लागलं राजा.


शाळेची_लॅब (आर्वी)

तुमचं दोघांचं चालू द्या, मी मूळ प्रश्नावर येते. माझ्याकडे शाळेची लॅब आहे, आठ मशीन, नेट म्हणजे माझाच मोबाईल. त्यामुळे डाटा कसा वाचवायचा यात माझी पीएचडी झालेली आहे.

पेंग्विनदादा, तुम्ही ट्रिक्सी टाकली तरी सुरुवातीला नवीन काही हवंच असेल तर बॅकपोर्ट्स बघा. टेस्टिंगमधलंच पॅकेज स्टेबलवर चालेल असं पुन्हा बांधून तिथे ठेवतात. ती ओळ सोर्सेसमध्ये लिहून ठेवली तरी आपणहून काही लागत नाही, तुम्ही डॅश टी ट्रिक्सी-बॅकपोर्ट्स म्हणून मागितलं तरच येते. मी फक्त कर्नल घेते आणि तेही दोनच मशीनवर, बाकीच्यांना कशाला उगाच. नवं हवं आणि जुन्याचा भरवसाही हवा, असं असेल तर एवढं पुष्कळ होते.

डाटाचं म्हणाल तर आधी एप्ट-फाइल आहे का बघा आणि नको असेल तर काढा, ते असलं की प्रत्येक अपडेटला कोणत्या पॅकेजात कोणती फाइल याची भलीमोठी यादीही उतरते. पॅकेजांची मुख्य यादी तशी फरकाफरकानं येते, म्हणजे कालच्यात काय बदललं तेवढंच, पण तुम्ही पंधरा दिवस मशीन लावलीच नाही तर ती अख्खी उतरते. दुसरं एप्ट-ऑफलाइन. बिनानेटच्या मशीनवर ते एक छोटी फाइल बनवून देते, ती पेनड्राइव्हवर घ्यायची, जिथे वायफाय चांगलं आहे तिथे त्या फाइलीप्रमाणे सगळं उतरवायचं, परत येऊन लावायचं. माझी भाची वर्ध्याला हॉस्टेलवर असते, ती शनिवारी घरी येताना बॅगेत कपडे धुवायला आणते आणि पेनड्राइव्हवर माझे अपडेट आणते. लॅबमध्ये एका मशीनवर एप्ट-कॅशर-एनजी आहे, एकदा उतरलेलं पॅकेज बाकी सात मशीन तिच्याकडूनच घेतात. दुकानात एकच लॅपटॉप असेल तर याचा उपयोग नाही, पण दोन झाले की लगेच लावा.

आणखी एक, कोणाकडे ३२ बिटवाले जुने डबे असतील तर ट्रिक्सीत त्यांच्यासाठी ना इन्स्टॉलर आहे ना कर्नल. माझ्या दोन मशीन त्यामुळे बुकवर्मवरच राहिल्या. मुलं त्यांना आजी-आजोबा म्हणतात.

बाकी इन्स्टॉल करताना भाषा मराठी निवडता येते, मुलांना ते फार आवडलं, पण तुम्ही एरर शोधायला जाल तेव्हा इंग्रजीच बरी. अनुभव.


संत्रा_सर्व्हर (मोर्शी)

ताई, भाचीवाली पद्धत भारी.

पेंग्विनदादा, त्या डोंगलचं राहूनच गेलं. एलएसयूएसबी कमांड मारून त्याची ओळ इथे टाका. ड्रायव्हर बाहेरचा म्हणजे डीकेएमएसनं बांधलेला असणार, तो प्रत्येक नव्या कर्नलबरोबर पुन्हा बांधावा लागतो, आणि कर्नलच्या आतलं काही बदललं की बांधणंच फसते. टेस्टिंगवर कर्नल भराभर बदलते, म्हणून हे दुखणं तिथे जास्त. पण रियलटेकच्या बऱ्याच यूएसबी चिपांचे ड्रायव्हर ६.२ पासून पुढे कर्नलमध्येच आलेत, ट्रिक्सीचं कर्नल ६.१२ आहे. तुमची चिप त्यात असली तर बाहेरचा ड्रायव्हर लागतच नाही.


वावरातला_पेंग्विन

एवढे रिप्लाय पाहून गहिवरून आलं. पाच दिवस लाईनचं अन् माझं दोघांचंबी खरं नव्हतं म्हणून उशीर झाला, डीपी जळाली होती गावची.

कॉटन भाऊचा राग नाही आला, उलट बाकड्यावरच्या लोकायचं ध्यानात आणून देल्लं. आधारचे स्कॅन खरंच पडून होते, दोनशेच्या वर, सगळे उडवले आधी. मंग होम काढून दुसऱ्या डिस्कवर ट्रिक्सी टाकली नव्यानं, आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) तालुक्याच्या मित्राकडून पेनड्राइव्हवर आणली, एक पैसा डाटा नाही लागला. सोर्सेसमध्ये यावेळी 'ट्रिक्सी' लिहून हाय, तीनदा पाहिलं.

डोंगलची मजा झाली. एलएसयूएसबीत रियलटेकच निघालं. संत्रा भाऊ म्हणतात तसं कर्नलमध्ये ड्रायव्हर होताच, टेस्टिंगवरबी होता! पण मित्राच्या ड्रायव्हरनं मॉडप्रोब डॉट डी (ड्रायव्हरच्या सेटिंगचं फोल्डर) मध्ये एक ब्लॅकलिस्टची फाइल टाकून ठेवली होती, घरच्या ड्रायव्हरले दारातच अडवून. बाहेरचा तं बांधल्या गेला नाही अन् घरचा बाहेर उभा. जुन्या डिस्कवर पाहिलं तेव्हा समजलं. ट्रिक्सीत डोंगल लावलं अन् काहीच न करता चाललं, मी येड्यासारखा दोन मिनिटं पाहतच राहिलो.

पण खरं सांगू का, एक्सझेडची गोष्ट वाचून मले झोप नाही आली. म्हणून जुनी डिस्क फेकली नाही. यूएसबीच्या डब्बीत टाकून त्यावर ती फोर्की तशीच ठेवली, 'टेस्टिंग' खोडून 'फोर्की' लिहिलं. दुकानाचं शटर पाडलं का रात्री तिच्यावरून बूट करतो, साडेदहाले डाउनलोड-ओन्ली, लाल यादी वाचतो, एन दाबतो. परवा तं तीनदा एन दाबलं, बायको म्हणे हे कोणतं काम हाय ज्यात तुम्ही रोज नाहीच म्हणता.

आता सिड भाऊ, एक इचारायचं होतं. फोर्कीवर दोन्ही बाजूनं प्रिंट काढली का दुसरं पान उलटं येते, ट्रिक्सीवर तोच प्रिंटर बरोबर देते. मी म्हटलं वाय दाबणाऱ्यांत आपला नंबर नको, बग टाकू. रिपोर्टबग (बग कळवायचा प्रोग्राम) टाकलं, चालवलं, त्यानं पॅकेजचं व्हर्जन बिर्जन सगळं आपणच भरलं. आता ते इचारते का बगची तीव्रता काय. मी 'ग्रेव्ह' निवडून ठेवलं, कारण दुकानदाराले उलटं पान म्हणजे कागदाचा नासच हाय. पाठवू का?


सिडच्या_नादी (मूल, चंद्रपूर)

थांब थांब थांब! पाठवू नको!

ग्रेव्ह, सीरियस, क्रिटिकल हे तिन्ही रिलीज अडवणारे बग आहेत. तू ग्रेव्ह टाकलं तर ते पॅकेज रिलीज अडवणाऱ्यांच्या यादीत जाईल, अन् ते पॅकेज सांभाळणारा माणूस सकाळी उठून पहिले तुझी उलटी पानं पाहील अन् मग तुले शिव्या देईल. 'नॉर्मल' ठेव. फार तर 'इम्पॉर्टंट', पण नॉर्मलच ठेव.

पाठवायच्या आधी रिपोर्टबग त्या पॅकेजचे जुने बग दाखवते ती यादी वाच, कोणी हेच लिहून ठेवलं असलं तर नवा बग नको, त्यातच आपली माहिती जोड. प्रिंटर कोणता, कोणता ड्रायव्हर निवडला, ट्रिक्सीवर कोणतं व्हर्जन बरोबर चालते अन् फोर्कीवर कोणतं नाही, हे दोन आकडे लिहिले का अर्ध काम झालं, ते सोन्यासारखे असतात कारण बग कधी घुसला ते त्यांच्यात सापडते. तुझ्याकडे दोन्ही डिस्क शेजारी शेजारी आहेत, असं फार लोकांकडे नसते. इंग्रजी मोडकंतोडकं चालते, माझं पहा कधी. अन् ईमेल दुकानाचा देऊ नको, तो बग ट्रॅकरवर सगळ्या जगाले दिसते, वेगळा एक बनव.


कॉटन_मार्केट (हिंगणघाट)

उत्तर आलं की इथेबी टाका. आमच्या काट्याच्या पावत्या दोन्ही बाजूनं निघतात.